घरात कर्करोग असेल तर जनुकीय तपासणीची सुरुवात कोठून करावी

आईला किंवा आत्याला कर्करोग झाला की विशी-पंचविशीतल्या मुलामुलींच्या मनात, आपल्यालाही तो होईल का, हा प्रश्न येतो आणि हल्ली त्याच्या पाठोपाठ जनुकीय तपासणीचा विचारही येतो. या तपासणीला चमचाभर रक्त, किंवा काही ठिकाणी लाळ, पुरते. परंतु रक्त देण्यापूर्वी जे काम करायचे असते, त्यावरच अहवालाचा उपयोग ठरतो.

एकूण कर्करोगांपैकी साधारण 5 ते 10 टक्केच आनुवंशिक जनुकदोषामुळे होतात, म्हणून घरात एक रुग्ण असला एवढ्यावरून तपासणीला धावू नये. स्तनाचा, मोठ्या आतड्याचा किंवा गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग पन्नाशीच्या आत झालेला असणे, दोन्ही स्तनांत तो होणे, बीजांडकोशाचा किंवा स्वादुपिंडाचा कर्करोग, पुरुषाला झालेला स्तनाचा कर्करोग, किंवा एकाच बाजूच्या दोन-तीन नातेवाइकांना झालेले असे आजार, या खुणा दिसल्या तर मात्र विषय पुढे न्यावा.

त्यासाठी प्रथम कोऱ्या कागदावर तीन पिढ्यांची वंशावळ काढावी. पुरुषासाठी चौकोन, स्त्रीसाठी वर्तुळ, ज्याला कर्करोग झाला त्याची आकृती काळी करावी आणि शेजारी अवयव व निदानाच्या वेळचे वय लिहावे. येथे हमखास होणारी चूक म्हणजे स्तनाचा कर्करोग हा आईकडूनच येतो असे समजून वडिलांकडची माणसे गाळणे. बीआरसीए1 आणि बीआरसीए2 या, स्तन व बीजांडकोश यांच्या कर्करोगाशी संबंध असलेल्या जनुकांतील दोष वडिलांकडूनही तितकाच येतो, आणि दोष असलेल्या पालकाच्या प्रत्येक अपत्यात, मुलगा असो वा मुलगी, तो उतरण्याची शक्यता 50 टक्के असते. म्हणून आत्या आणि वडिलांची आई यांची नोंद मावशीइतकीच महत्त्वाची आहे. जुन्या पिढीत आजाराचे नाव घेत नसत; "आजीच्या पोटात पाणी झाले होते" एवढेच अमरावतीची काकू सांगेल. पोटात पाणी यकृताच्या आजारानेही होते, पण बीजांडकोशाच्या कर्करोगानेही होते, त्यामुळे कपाटातल्या जुन्या पिशवीत बायोप्सीचा कागद आहे का, हे विचारावेच. याउलट, वर्षानुवर्षे खर्रा (तंबाखू-सुपारीचे मिश्रण) खाणाऱ्या काकांच्या तोंडाच्या कर्करोगाची नोंद करावी, परंतु तो आनुवंशिकतेचा पुरावा मानू नये. तसा एखादा रुग्ण नागपुरातल्या पुष्कळ घरांत सापडतो.

ही वंशावळ घेऊन कर्करोगतज्ज्ञांकडे जावे. नागपुरात मानेवाडा मार्गावरील राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय, जामठ्याची नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट किंवा मिहानमधील एम्स यांपैकी जेथे रुग्णाचे उपचार चालू असतील, तेथेच जनुकीय समुपदेशकाकडे पाठवण्याविषयी विचारावे. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात यासाठी स्वतंत्र विभाग आहे. घरपोच येणाऱ्या लाळेच्या संचांवर भिस्त ठेवू नये, कारण त्यांतले काही मोजकेच बदल तपासतात.

तपासणी शक्यतो ज्याला कर्करोग झाला आहे त्याची आधी करावी. समजा, त्रिमूर्तीनगरातल्या 24 वर्षांच्या मुलीच्या आत्याला 41 व्या वर्षी स्तनाचा कर्करोग झाला होता. आत्याचा दोष सापडला तर वडिलांचे आणि मग मुलीचे रक्त नेमक्या त्याच दोषासाठी तपासता येते, जे स्वस्तही पडते आणि ज्याचे "नाही" हे उत्तरही विश्वासार्ह असते. आत्याला वगळून केवळ मुलीची तपासणी केली आणि काही आढळले नाही, तर त्यातून निश्चित असे काहीच कळत नाही.

अहवालात तिसरे उत्तरही येते: अर्थ न लागलेला बदल. जगभरच्या माहितीसाठ्यांत युरोपीय वंशाच्या लोकांची माहिती अधिक असल्याने भारतीयांच्या अहवालात तो जास्त वेळा दिसतो. त्याच्या आधारे शस्त्रक्रियेचा निर्णय घेऊ नये. वर्ष-दोन वर्षांनी त्याचे वर्गीकरण बदलले का, हे समुपदेशकाला विचारावे.

दोष आढळणे म्हणजे कर्करोगाचे निदान नव्हे. बीआरसीए1 चा दोष असलेल्या स्त्रियांत आयुष्यभरातील स्तनाच्या कर्करोगाची शक्यता 60 टक्क्यांच्या वर जाते. म्हणून 25 व्या वर्षापासून दरवर्षी एमआरआय आणि तिशीपासून मॅमोग्राफीची जोड असा क्रम साधारणतः ठरतो. बीजांडकोश काढण्याचा विचार मुले झाल्यावर, 35 ते 40 या वयात केला जातो. लिंच सिंड्रोममध्ये (मोठ्या आतड्याच्या व गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाची शक्यता वाढवणाऱ्या आनुवंशिक दोषात) दोष कोणत्या जनुकात आहे यावर अवलंबून कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी, 20 ते 25 व्या वर्षापासूनही सुरू करावी लागते. बीआरसीएची तपासणी 18 वर्षांखालील मुलांची सहसा करत नाहीत, कारण त्या वयात तिने उपचारात काही फरक पडत नाही.

रक्त देण्यापूर्वी आणखी दोन गोष्टी घरात बोलून घ्याव्यात. आरोग्य विमा काढायचा असेल तर प्रस्तावपत्रातील कौटुंबिक आजारांविषयीचे प्रश्न आधी वाचावेत आणि उत्तरे खरी द्यावीत. स्थळे पाहणे चालू असेल, तर अहवाल कोणाला आणि केव्हा सांगायचा हे ज्याचा अहवाल आहे त्यानेच ठरवावे, वडीलधाऱ्यांनी परस्पर नव्हे. चुलत, आते आणि मामेभावंडांपैकी ज्यांना त्याच बाजूने धोका पोहोचतो, त्यांना मात्र जनुकाचे नाव आणि बदलाचा नेमका क्रमांक असलेले अहवालाचे पान, संबंधित व्यक्तीच्या संमतीने, पाठवावे. त्याशिवाय त्यांच्या प्रयोगशाळेला नेमके काय शोधायचे हे कळत नाही.