इनटेक मॅनिफोल्डचा रनर कंट्रोल: कुठे असतो आणि बिघाड कसा शोधायचा

इनटेक मॅनिफोल्ड म्हणजे सिलिंडरना हवा वाटून देणारा भाग, आणि रनर कंट्रोल म्हणजे त्याच्या वाटांमधले फ्लॅप उघडणारी-मिटवणारी यंत्रणा. स्कॅनरवर पी २००४ हा बिघाडाचा कोड दिसला की बरेच जण लगेच सोलेनॉइड (व्हॅक्युम सोडणारा-अडवणारा विजेवरचा व्हॉल्व्ह) मागवतात, काही जण तर अख्खा मॅनिफोल्ड. घाई करू नका. पी २००४ म्हणजे पहिल्या बँकेचा (सिलिंडरच्या एका ओळीचा) फ्लॅप उघडा अडकलाय, पी २००६ म्हणजे तोच बंद अडकलाय. दुसऱ्या बँकेसाठी २००५ आणि २००७. फ्लॅप का अडकला, हे यातला एकही कोड सांगत नाही. ते साखळीत शोधावं लागतं: व्हॅक्युम (इंजिनाची हवेची ओढ), सोलेनॉइड, डायफ्राम (त्या ओढीने सरकणारा पडदा), दांडी, फ्लॅप आणि शेवटी पोझिशन सेन्सर. यातली कुठलीही एक कडी तुटली तरी तोच कोड येऊ शकतो.

फ्लॅपचं काम साधं आहे. कमी आरपीएमला हवा लांब किंवा अरुंद वाटेने आत घ्यायची म्हणजे तिचा वेग टिकतो, पेट्रोल नीट मिसळतं आणि खालचा जोर मिळतो. आरपीएम वाढले की आखूड, मोकळी वाट उघडायची. म्हणून फ्लॅप बंद अडकला तर गाडी शहरात ठीक चालते, पण वर चढताना किंवा ओव्हरटेक करताना दम तुटल्यासारखी होते. उघडा अडकला तर उलट: थंड इंजिन आयडलला थरथरतं आणि उठाव मंद वाटतो.

भाग शोधायचा तर आधी मॅनिफोल्ड ओळखा. एअर फिल्टरकडून येणारी जाड नळी थ्रॉटल बॉडीपर्यंत जाते, त्याच्या पुढचा बहुधा प्लॅस्टिकचा, फाटे फुटलेला भाग म्हणजे मॅनिफोल्ड. त्याच्या एका टोकाला वाटीएवढा गोल डबा आणि त्यातून निघणारी बारीक दांडी दिसली, तर तो व्हॅक्युम ॲक्च्युएटर; डायफ्राम याच्याच आत असतो. आडव्या बसवलेल्या इंजिनात मॅनिफोल्ड मागे, फायरवॉलकडे (इंजिन आणि केबिनमधल्या भिंतीकडे) असेल तर टॉर्च आणि छोटा आरसा लागतोच. व्ही-सिक्समध्ये तो डबा वरच्या प्लेनमखाली (मॅनिफोल्डच्या हवेच्या पेटीखाली) दडलेला असू शकतो. डब्यातून निघणाऱ्या बारीक नळीचा माग काढत गेलात की सोलेनॉइड सापडतो: दोन तारांचा प्लग आणि नळ्यांची तोंडं. इथे अनेकांची फसगत होते, कारण पर्ज व्हॉल्व्ह तसाच दिसतो. पर्जची एक नळी पेट्रोलची वाफ धरून ठेवणाऱ्या चारकोल कॅनिस्टरकडे जाते, हाच फरक. डब्याला नळीच नसून जाड प्लग असेल, तर तुमच्या गाडीत व्हॅक्युमऐवजी इलेक्ट्रिक मोटर आहे. अशा गाडीत की ऑन असताना लिंकेजजवळ बोट नेऊ नका.

तपासणी दांडीपासून सुरू करा, कारण ती फुकट होते. दांडीवर खडूने एक रेघ मारा. इंजिन चालू करा, दुसऱ्याला हळूहळू आरपीएम वाढवायला सांगा आणि पंखा-बेल्टपासून लांब राहून रेघेकडे बघा. काही गाड्यांत फ्लॅप फक्त लोडवरच हलतो, तेव्हा स्कॅनरची ॲक्च्युएटर टेस्ट वापरा. दांडी सरकते पण फ्लॅपचा शाफ्ट फिरत नाही, असं दिसलं तर दोघांच्या जोडावरचा प्लॅस्टिकचा बुश बघा. हा बुश जेमतेम नखाएवढा असतो. उष्णतेने ठिसूळ होऊन तो चिरतो, दांडीचं टोक भोकात सैल खेळतं, आणि बाकी सगळं धडधाकट असूनही सेन्सरला चुकीचा कोन दिसतो.

दांडी अजिबात हलत नसेल तर इंजिन बंद करून डब्याची नळी काढा आणि हातपंपाने पाऱ्याचा १५ ते २० इंच व्हॅक्युम द्या. दांडी पूर्ण ओढली जायला हवी आणि पंपाचा काटा निदान एक मिनिट जागच्या जागी राहायला हवा. काटा उतरला तर डायफ्राम फाटलाय. काटा स्थिर पण दांडी अर्ध्यावर थांबते, तर फ्लॅपवर काजळी बसलीय.

डबा चांगला निघाला तर सोलेनॉइडकडे वळा. इंजिन चालू ठेवून त्याला येणाऱ्या नळीवर बोट ठेवा, ओढ जाणवली पाहिजे. नसेल तर नळी टोकाला चिरलीय किंवा वाटेतला वन-वे व्हॉल्व्ह निकामी झालाय. नळ्या वाकवून बघा, चीर सरळ असताना दिसत नाही. ओढ असेल तर प्लग काढून की ऑन करा: एका तारेवर बॅटरीएवढा व्होल्टेज हवा. दुसरी तार ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) अर्थ करतो. प्लग काढलेल्या सोलेनॉइडच्या दोन पिनांमधला रेझिस्टन्स मोजा आणि मॅन्युअलच्या आकड्याशी ताडा. मीटर अनंत दाखवत असेल तर कॉइल तुटलीय. सोलेनॉइड टक्‌ असा वाजला म्हणजे तो चांगलाच, असं धरू नका. आत धूळ अडकली की आवाज येतो, व्हॅक्युम पुढे जात नाही.

पी २०१४ ते २०१७ हे कोड पोझिशन सेन्सरच्या बाजूचे. त्याला ५ व्होल्टचा पुरवठा असतो. फ्लॅप हाताने फिरवताना सिग्नलचा आकडा सलग चढला-उतरला पाहिजे, मध्येच उडी मारली तर सेन्सर खराब.

काजळी साफ करायची तर मॅनिफोल्ड खाली उतरवूनच. फ्लॅप अडकलेल्या डिझेल इंजिनात चालू असताना क्लीनर मारू नका. ते द्रवच इंधन म्हणून जळून इंजिन ताब्याबाहेर पळू शकतं. उतरवण्याआधी बॅटरी सोडा, इंधनाचा दाब काढा, आणि मॅनिफोल्ड निघताच हेडची तोंडं स्वच्छ कापडाने बुजवा. त्यात पडलेला एक स्क्रू पिस्टन खराब करायला पुरतो. म्हणूनच काही डिझेल इंजिनांत फ्लॅपचा तुकडा तुटून आत गेला की मोठं नुकसान होतं, आणि शाफ्टमध्ये ढिलाई दिसली तर साफसफाईवर न थांबता मॅनिफोल्ड बदलावा. सेन्सर आणि डबा क्लीनरमध्ये बुडवू नका. बसवताना गॅस्केट नवे, बोल्ट मधून बाहेरच्या क्रमाने आणि टॉर्क रेंचनेच. प्लॅस्टिक मॅनिफोल्ड जास्त आवळला की तडकतो आणि मग तिथूनच हवा गळते. तशी गळती असली तर आयडलला फ्युएल ट्रिम (ईसीयू इंधनात करत असलेली वाढ-घट) चढलेला आणि २५०० आरपीएमला खाली आलेला दिसतो.

कोड पुसा, गाडीला फ्लॅपचं ॲडॅप्टेशन (फ्लॅपची स्थिती ईसीयूला नव्याने शिकवणं) लागत असेल तर ते करा, आणि लाइव्ह डेटावर मागितलेली स्थिती व प्रत्यक्ष स्थिती शेजारी ठेवून थंड आणि गरम, दोन्ही अवस्थांत गाडी चालवून बघा.