मोजे घालताना कंबरेतून पोटरीत जाणारी कळ: माझा अनुभव

मोजा चढवायला वाकलो की कंबरेतून निघालेली कळ थेट डाव्या पोटरीत. बाम, पट्टा, आठवडाभर अंथरूण, सगळं झालं. झोपून तर कंबर आणखीच आखडली. पार वैतागलो होतो.

फिजिओथेरपिस्टने तपासून मॅकेन्झी पद्धतीचा, म्हणजे कंबर हळूहळू मागे वाकवायचा व्यायाम दिला. आधी 2 मिनिटं नुसतं पालथं पडायचं. मग 2 मिनिटं कोपरांवर. मग तळहात खांद्यांखाली टेकून फक्त छाती उचलायची, कंबर ढिली, ओटीपोट जमिनीलगत. असं 10 वेळा, दिवसातून 5-6 दा. चौथ्या दिवशी पोटरी मोकळी झाली, पण कंबर जास्त ठणकू लागली. घाबरलो, पण कळ पायातून वर कंबरेकडे सरकणं ही सुधारणेचीच खूण निघाली. कळ उलट खाली उतरली तर मात्र थांबायचं. जांघेत बधिरपणा आला किंवा लघवीवरचा ताबा सुटला तर व्यायाम नाही, तडक हॉस्पिटल.