पंचवीस खुर्च्यांच्या बारमध्ये कराओके : या चुका टाळा

बेळगावच्या गल्ल्यांमधील, खानापूर रस्त्यावरील किंवा निपाणी-संकेश्वर भागातील सात-आठ टेबलांच्या बार अँड रेस्टॉरंटमध्ये कराओके, म्हणजे नुसत्या संगीतावर पडद्यावरचे शब्द वाचत गिऱ्हाइकांनीच गाण्याचा कार्यक्रम, सुरू करायचे ठरले, की मालक पहिला फोन साउंडवाल्याला करतो आणि साउंडवाला गणेशोत्सवाच्या मंडपात लावतो तीच स्पीकरची जोडी आणून उभी करतो. बिघाडाची सुरुवात बहुतेक वेळा इथेच होते. पंधरा फूट रुंदीच्या खोलीत त्या जोडीचा आवाज कितीही कमी केला तरी बास खोलीत घुमत राहतो, गाणाऱ्याचे शब्द त्यात बुडतात आणि न गाणारी टेबले अर्ध्या तासात बिल मागवतात. वास्तविक छोटी जागा ही कराओकेची अडचण नाही. जपानमधील कोबे शहरात दाइसुके इनोउए यांनी १९७१ साली बनवलेली यंत्रे तिथल्या छोट्या बारनाच भाड्याने दिली होती. मात्र छोट्या जागेत गाणारा आणि खाणारा-पिणारा हा एकच माणूस असतो आणि संध्याकाळचा बराचसा वेळ तो गाण्यात नव्हे, स्वतःच्या नंबरची वाट पाहण्यात घालवतो. तो वेळ त्याला बसवेल असा ठेवणे, हेच आयोजकाचे खरे काम आहे.

माइकची शिट्टी आणि स्पीकरची जागा

माइक हातात घेताच कानठळ्या बसवणारी शिट्टी वाजली, की दोष माइकला दिला जातो आणि दुसरा, अधिक महाग माइक आणला जातो. शिट्टीचे कारण साधे आहे. स्पीकरमधून आलेला आवाज माइकमध्ये पुन्हा शिरतो, पुन्हा मोठा होऊन बाहेर पडतो आणि हे चक्र थांबत नाही. म्हणून गाणाऱ्याच्या पाठीमागे स्पीकर ठेवणे ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे. स्पीकर गाणाऱ्याच्या पुढे, श्रोत्यांकडे तोंड करून, बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या वर आणि किंचित खाली झुकवून भिंतीवर बसवावेत. ते कोपऱ्यात ठेवू नयेत, कारण दोन भिंती आणि फरशी यांच्या सांध्यात बास विनाकारण फुगतो. आपल्याकडच्या बारमध्ये शहाबादी किंवा टाइल्सची फरशी, सनमायका लावलेली टेबले आणि एका भिंतीवर हमखास आरसा असतो, त्यामुळे आवाज शोषून घेणारे असे काहीच उरत नाही. गाणाऱ्यासमोरच्या भिंतीवर चुण्या पडलेला जाड पडदा लावल्यास जो फरक पडतो, तो मिक्सरच्या, म्हणजे माइक आणि गाण्याचा आवाज कमी-जास्त करणाऱ्या यंत्राच्या, बटणांनी साधत नाही.

दुसरी चूक गाणारा करतो आणि ती त्याला कोणी सांगत नाही. टीव्हीवर रॅप पाहिलेली मुले माइकची जाळी मुठीत धरतात, आणि जाळी झाकली गेली की समोरचाच आवाज घेणारा माइक चारही बाजूंचा आवाज घेऊ लागतो. माइक दांड्याला धरावा आणि ओठांपासून दोन-तीन बोटांवर ठेवावा. तोंडापासूनचे अंतर निम्मे केले, की माइकमध्ये पोहोचणारा आवाज सुमारे ६ डेसिबलने वाढतो. त्यामुळे लाजून माइक छातीशी धरणाऱ्यासाठी व्हॉल्यूम वाढवण्यापेक्षा त्याचा हात वर करणे केव्हाही चांगले. या दोन गोष्टी करूनही शिट्टी येत असेल, तरच मिक्सरवर माइकचा गेन आणि ट्रेबल थोडा उतरवावा. इको तर जवळजवळ शून्यावर आणून मग कानाला बरे वाटेल इतपतच वाढवावा. सूत्रसंचालकाने नावे पुकारतानाही तोच इको चालू ठेवला, तर पुढच्या गायकाचे नाव त्यालाही ओळखू येत नाही.

आवाज किती ठेवायचा, यावर माझे मत ठाम आहे. गाणे चालू असताना शेवटच्या टेबलावरच्या दोघांना एकमेकांकडे झुकून, पण ओरडल्याशिवाय बोलता आले पाहिजे. मोबाइलवरील ध्वनिमापक ॲप फारसे अचूक नसते, तरी त्या टेबलावर ते ८० डेसिबलच्या आसपास राहील अशी पातळी गाणाऱ्यालाही पुरते.

भुणभुण, झिणझिण्या आणि मागे पडणारे शब्द

गाणे थांबल्यावरही स्पीकरमधून सतत भुणभुण ऐकू येत असेल, तर प्रथम लॅपटॉपचा चार्जर काढून पाहावा. भुणभुण थांबली, तर लॅपटॉप, मिक्सर आणि स्पीकर वेगवेगळ्या सॉकेटवर असल्यामुळे अर्थिंगचे वेटोळे झाले आहे, असे समजावे आणि तिन्ही यंत्रे एकाच बोर्डावर घ्यावीत. तेवढ्याने भागले नाही, तर ध्वनीच्या वायरमध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर बसवावा. भुणभुण घालवण्यासाठी तीन पिनांच्या प्लगची अर्थिंगची पिन मोडण्याची युक्ती काही जण सांगतात. ती कधीही करू नये. माइकच्या जाळीला ओठ लागताच झिणझिण्या येत असल्याची तक्रार एकानेही केली, तर कार्यक्रम तिथेच थांबवून वायरमनला बोलवावे. जून ते सप्टेंबर या काळात खानापूरकडे पावसाने भिजलेल्या चपलांनी फरशी कायम ओली असते. अशा फरशीवर उभ्या असलेल्या माणसाच्या हातात धातूचा माइक आणि भिंतीत सदोष अर्थिंग, हा प्रकार जिवावर बेतू शकतो.

ट्रॅक, म्हणजे गायकाचा आवाज वगळलेले गाण्याचे संगीत, ब्लूटूथवरून स्पीकरला पाठवणे सोयीचे वाटते, पण त्यात आवाज दशांश ते पाव सेकंद उशिरा पोहोचतो. पडद्यावर शब्द रंगून पुढे जातो आणि सूर मागून येतो, त्यामुळे वाचून गाणारा माणूस पुढे पळतो आणि लोक म्हणतात, याला ताल नाही. लॅपटॉपच्या हेडफोनच्या भोकातून मिक्सरपर्यंत साधी वायर टाकली की हा दोष जातो. उलट शब्दच आवाजाच्या मागे राहत असतील, तर टीव्हीच्या सेटिंगमध्ये गेम मोड चालू करून पाहावा.

वायरलेस माइकचे सेल संपणारच, म्हणून एक वायरचा माइक कायम जोडलेला असावा. वीज गेल्यावर इन्व्हर्टर चालू होईपर्यंत लॅपटॉप तग धरतो, मिक्सर धरत नाही. तेव्हा वीज परत येण्यापूर्वी स्पीकरचे बटण बंद करावे आणि मिक्सर चालू झाल्यावर ते सर्वांत शेवटी लावावे, नाहीतर बसणाऱ्या धक्क्याने स्पीकर फाटतो.

पट्टी

वर सांगितलेले सगळे दोष काढले तरी गाणी बेसूर वाटतात, कारण ट्रॅक मूळ गायकाच्या पट्टीत असतो आणि गाणारा त्या पट्टीतला नसतो. कराओकेच्या बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये पट्टी वर-खाली करण्याची सोय असते, पण तिथे नुसते उणे दोन, अधिक तीन असे आकडे दिसतात आणि चालवणारा त्यांना हात लावायला घाबरतो. पेटीच्या भाषेत हे अगदी सोपे आहे : एक आकडा म्हणजे काळ्या-पांढऱ्या मिळून मोजलेली शेजारची एक पट्टी, आणि असे बारा आकडे झाले की सप्तक पूर्ण. या भागात गावोगावी भजनी मंडळे आहेत. माळकरी मंडळी बारकडे फिरकत नाहीत हे खरे, पण घरात पेटी ऐकत वाढलेली त्यांची मुले येतात आणि त्यांतल्या अनेकांना आपण काळी एकमध्ये गातो की पांढरी चारमध्ये हे नेमके ठाऊक असते. त्यांना तेवढेच विचारावे. ज्यांना माहीत नाही, त्यांना पहिली ओळ ट्रॅकशिवाय गुणगुणायला लावावी आणि त्यावरून आकडा ठरवावा. नेहमीच्या गिऱ्हाइकांचे गाणे आणि आकडा गल्ल्याजवळच्या वहीत लिहून ठेवला, तर दुसऱ्या वेळी तो माणूस पहिल्या कडव्यातच वेगळा ऐकू येतो. मात्र चार-पाच आकड्यांपलीकडे ट्रॅक ओढल्यास वाद्यांचा आवाज विचित्र होतो. तेव्हा दुसरे गाणे सुचवणेच बरे.

नावांची यादी आणि गाण्यांच्या भाषा

संध्याकाळी साडेसातला सुरुवात करून पावणेदहाला थांबायचे, तर हातात १३५ मिनिटे असतात. गाणे, माइकची देवघेव आणि पट्टी बदलणे धरून एका गाण्याला सहा मिनिटे लागतात, म्हणजे संध्याकाळी बावीस गाणी होतात. यादीत अकरा नावे असतील तर प्रत्येकाला दोन गाणी मिळतात. नावे वीस झाली, तर उशिरा नाव दिलेला माणूस जवळजवळ दोन तास ताटकळतो आणि पुन्हा येत नाही. हा हिशेब न करता येईल त्याची चिठ्ठी घेत राहणे, ही कराओके बंद पडण्यामागची सर्वांत मोठी चूक आहे. एका फेरीत एका माणसाचे एकच गाणे असावे, फेरी चालू असताना आलेल्याचे नाव त्या फेरीच्या शेवटी लागावे आणि यादी भिंतीवर सर्वांना दिसेल अशी असावी. वेटरच्या हातात नोट सरकवून नंबर वर घेण्याचा प्रकार एकदा खपवून घेतला, की यादीवरचा विश्वास संपतो. मालकाचा मित्र असो वा रोज क्वार्टर घेणारे जुने गिऱ्हाईक असो, नियम सर्वांना सारखाच असला पाहिजे.

सीमाभागात या यादीला आणखी एक पदर आहे. एका टेबलावर मराठी, दुसऱ्यावर कन्नड आणि कॅम्पातून आलेल्या जवानांच्या टेबलावर हिंदी, अशी गर्दी बेळगावात सहज जमते आणि तीच या कार्यक्रमाची खरी मजा आहे. पण काही आयोजक समतोल राखण्याच्या सद्हेतूने भाषांच्या फेऱ्या लावतात : आता कन्नड गाणी, आता मराठी. त्यामुळे गाणारी माणसे दोन बाजूंना विभागली जातात आणि कोणाच्या फेरीला किती टाळ्या पडल्या, हे मोजणे सुरू होते. यादी फक्त नावांच्या क्रमाने चालवावी आणि सूत्रसंचालकाने नावे दोन्ही भाषांत पुकारावीत. घोषणावजा गाणी, मग ती कोणत्याही बाजूची असोत, ट्रॅकच्या संग्रहात ठेवूच नयेत. नसलेल्या गाण्याला नाही म्हणावे लागत नाही.

लिपीचा प्रश्न मात्र कोणी लक्षातच घेत नाही. बेळगावच्या शहापूर-वडगावात असे कितीतरी लोक भेटतात, जे कन्नड गाणी तोंडपाठ म्हणतात पण कन्नड लिपी सफाईने वाचू शकत नाहीत, आणि मराठी सहज बोलणाऱ्या कन्नड माणसाची देवनागरी वाचताना हीच गत होते. तयार ट्रॅकमध्ये शब्द बहुधा एकाच लिपीत, किंवा चुकीच्या रोमन स्पेलिंगमध्ये असतात. सर्वाधिक मागणीच्या तीस-चाळीस गाण्यांचे शब्द दोन्ही लिप्यांत मोठ्या अक्षरात छापून फाइलमध्ये लावावेत. गाणारा पडद्याऐवजी कागदाकडे पाहील, पण अडखळणार नाही.

पहिले गाणे कोणी म्हणायचे, हाही नाजूक प्रश्न असतो. सूत्रसंचालक स्वतः चांगला गाणारा असेल, तर तो तयारीचे, ताना-हरकतींचे गाणे म्हणून सुरुवात करतो आणि त्यानंतर अर्धा तास कोणी हात वर करत नाही. सुरुवात सर्वांना येणाऱ्या, मध्यम लयीच्या, सामान्य गळ्याला झेपणाऱ्या गाण्याने करावी आणि ते फार चांगले म्हणू नये.

मोबाइल, नोटा आणि नकार

गाणाऱ्यावर नोटा उडवणे पहिल्याच दिवशी बंद करावे. माइकवरून दुसऱ्या टेबलावरील महिलेला उद्देशून गाणे अर्पण करण्यासही परवानगी देऊ नये. तोल गेलेल्या माणसाला माइक नाकारताना सर्वांसमोर कारण सांगू नये, त्याचे नाव पुढच्या फेरीत ठेवले आहे एवढेच सांगावे. तोपर्यंत तो बहुधा विसरतो.

चित्रीकरणाबाबत मोठ्या शहरांतील रिवाज इथे चालत नाही. गावात प्रत्येकाला प्रत्येक जण ओळखतो, आणि रीलमध्ये गाणाऱ्याच्या मागे ग्लास घेऊन बसलेल्या शिक्षकाने घरी आपण कुठे आहोत असे सांगितले आहे, हे रील काढणाऱ्याला माहीत नसते. कॅमेरा फक्त गाणाऱ्यावर, त्याच्या संमतीने, आणि पाठीमागे रिकामी भिंत असेल अशाच कोनातून लावू द्यावा.

परवाने, पाटी आणि तारखा

यूट्यूबवरून ट्रॅक लावणे सर्वत्र चालते, पण त्या सेवेच्या अटींनुसार ती वैयक्तिक, अव्यावसायिक वापरासाठी आहे. शिवाय कडव्याच्या मध्येच जाहिरात लागते ती वेगळीच. सार्वजनिक ठिकाणी गाणी सादर करण्यासाठी शब्द आणि संगीत यांच्या हक्कांकरिता आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांच्या हक्कसंस्थेचा परवाना लागतो, तर ट्रॅकच्या ध्वनिमुद्रणाचे हक्क ज्याच्याकडे असतील त्याची परवानगी वेगळी घ्यावी लागते. जुने गाणे फुकट असते, हा समजही चुकीचा आहे. भारतात कवीच्या शब्दांवरील हक्क त्याच्या निधनानंतर ६० वर्षे टिकतो. ग. दि. माडगूळकर यांचे निधन १९७७ साली झाले, म्हणजे त्यांच्या शब्दांवरील हक्क २०३७ अखेरपर्यंत आहे.

ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ध्वनिवर्धकावर बंदी आहे. सभागृहासारख्या बंदिस्त जागांना त्यात सूट असली, तरी शटर अर्धे उघडे आणि स्वयंपाकघराची खिडकी गल्लीत उघडणारी, अशा बारने त्या सुटीवर विसंबू नये. निवासी भागासाठी रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे, आणि शेजारच्या माडीवर झोपलेल्या माणसाला ती मोजायला यंत्र लागत नाही. सीएल-९ परवान्याच्या (कर्नाटकातील बार अँड रेस्टॉरंटच्या मद्य परवान्याच्या) जागेत गाण्याचा कार्यक्रम करण्यासाठी आणखी कोणती परवानगी लागते, हे अबकारी खाते आणि पोलीस ठाणे या दोन्हींकडून लेखी विचारून घ्यावे. बाहेर लावायच्या पाटीवर ६० टक्के मजकूर कन्नडमध्ये असणे २०२४ च्या कायद्याने बंधनकारक आहे. कार्यक्रमाचा फलकही त्याच प्रमाणात केल्यास नंतर तो उतरवून घेण्याची वेळ येत नाही.

तारखा ठरवताना २ ऑक्टोबर वगळावा, त्या दिवशी मद्यविक्रीच बंद असते. मतदानाची वेळ संपण्यापूर्वीच्या ४८ तासांतही विक्री बंद राहते, आणि महाराष्ट्रात चंदगडकडे निवडणूक असली तरी लगतच्या भागासाठी आदेश निघू शकतो, हे सीमेवरच्या बारमालकांनी ध्यानात ठेवावे. गणेश विसर्जनाच्या वेळी जिल्हा प्रशासनाने काय आदेश काढला आहे, ते पाहूनच जाहिरात करावी. १ नोव्हेंबरला एका बाजूला कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूक आणि दुसऱ्या बाजूला मराठी भाषकांचा काळा दिन असतो. त्या आठवड्यात कराओके ठेवूच नये.