नाशिकच्या आकाशातून ६८ हर्क्युलिस या ग्रहणकारी जोडताऱ्याची वस्तुमाने कशी काढावीत

एकट्या ताऱ्याचे वस्तुमान थेट मोजण्याचा मार्ग जवळजवळ नाही. मात्र दोन तारे एकमेकांभोवती फिरत असतील आणि पृथ्वीवरून पाहताना आळीपाळीने एकमेकांना झाकत असतील, तर त्यांची प्रकाशमापने आणि वर्णपट एकत्र ठेवून दोघांचीही वस्तुमाने काढता येतात. जड आणि तप्त ताऱ्यांच्या बाबतीत ही पद्धत विशेष मोलाची आहे, कारण असे तारे मुळात थोडे आहेत आणि त्यांतले बहुतेक फार दूर आहेत.

नाशिकहून सुरुवात करणाऱ्याने शौरी तारकासमूहातील ६८ हर्क्युलिस निवडावा, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याची तेजस्विता साधारण ४.७ ते ५.४ प्रतींच्या दरम्यान बदलते (प्रत हे तेजाचे माप आहे, आकडा लहान तितका तारा ठळक), आवर्तकाल म्हणजे एका फेरीचा वेळ २.०५१ दिवसांचा आहे आणि त्यातला मुख्य तारा सूर्याच्या सुमारे आठपट जड आहे. शिवाय आपल्या अक्षांशावरून तो खस्वस्तिकाच्या, म्हणजे डोक्यावरच्या बिंदूच्या, उत्तरेला केवळ तेरा अंशांवरून जातो. शहराचा उजेड दक्षिणेला राहील अशी जागा म्हणूनच धरावी. दिंडोरी-वणीच्या बाजूचे माळरान त्यासाठी त्र्यंबकच्या बाजूपेक्षा सोयीचे पडते.

मेच्या मध्यावर हा तारा रात्री दहाच्या सुमारास क्षितिजापासून तीस अंश वर येतो आणि पहाटे साडेचारपर्यंत चांगल्या उंचीवर असतो. तीस अंशांच्या खाली मापन करू नये, कारण तिथे वातावरणाची जाडी दुपटीहून अधिक होते. आवर्तकाल दोन दिवसांपेक्षा किंचित जास्त असल्यामुळे एका रात्री मध्यरात्री मुख्य (जास्त खोल) ग्रहण झाले, तर दुसऱ्या रात्री सुमारे सदतीस मिनिटे उशिरा दुय्यम (उथळ) ग्रहण दिसते आणि तिसऱ्या रात्री पुन्हा मुख्य ग्रहण तितकेच पुढे सरकलेले असते. याच संथ सरकण्यामुळे एकाच जागेवरून सगळ्या कला, म्हणजे फेरीतले सगळे टप्पे, टिपण्यासाठी जवळपास तीस रात्री लागतात. म्हणून काम एप्रिलच्या उत्तरार्धात सुरू करावे, म्हणजे जूनमधील ढग येण्यापूर्वी पूर्ण प्रकाशवक्र, म्हणजे वेळेनुसार बदलणाऱ्या तेजाचा आलेख, हाती येतो. ग्रहणांच्या वेळा रूपविकारी (तेज बदलणाऱ्या) ताऱ्यांच्या चालू सूचीतील अलीकडच्या नोंदीवरून काढाव्यात.

प्रकाशमापनासाठी साधा डीएसएलआर कॅमेरा, ८५ मिलिमीटरच्या आसपासची लेन्स आणि आकाशाबरोबर फिरणारा छोटा माउंट पुरेसा आहे. फोकस मुद्दाम थोडा सैल ठेवावा, म्हणजे ताऱ्याचा प्रकाश अनेक पिक्सेलांवर पसरतो आणि मधले पिक्सेल भरून जात नाहीत. चित्रे रॉ स्वरूपातच घ्यावीत, त्यांतील फक्त हिरव्या पिक्सेलांचे मापन करावे आणि डार्क (लेन्स झाकून घेतलेल्या) व फ्लॅट (एकसारख्या उजेडाच्या) चित्रांनी दुरुस्ती करून दहा-वीस चित्रांची सरासरी घ्यावी. ज्याच्याशी तेज ताडून पाहायचे त्या तुलनाताऱ्याच्या निवडीत मात्र घाई करू नये. जवळचा सर्वांत ठळक तारा पाय हर्क्युलिस हा नारिंगी आहे. आपला तारा निळसर असल्याने उंची बदलली की वातावरण दोघांचा प्रकाश वेगवेगळ्या प्रमाणात शोषते आणि नसलेला चढउतार वक्रात दिसू लागतो. पाय हर्क्युलिसजवळचाच ६९ हर्क्युलिस पांढरा असून ४.६५ प्रतीचा आहे, म्हणून तो घ्यावा, आणि पडताळ्यासाठी आणखी एक स्थिर तारा रोज मोजावा.

पहिल्या वर्षी माझ्या लॅपटॉपचे घड्याळ चार मिनिटे मागे होते आणि त्या हंगामातील ग्रहणांच्या साऱ्या वेळा मला बाजूला ठेवाव्या लागल्या. म्हणून रोज सुरुवातीला घड्याळ इंटरनेटवरून जुळवावे, भारतीय वेळेतून साडेपाच तास वजा करून वैश्विक वेळ नोंदवावी आणि शेवटी ती सूर्यकेंद्री करावी, म्हणजे प्रकाश सूर्यापाशी पोहोचला असता त्या वेळेत बदलावी. ही शेवटची दुरुस्ती काही ताऱ्यांच्या बाबतीत आठ मिनिटांपर्यंत जाते.

ग्रहणे नसलेल्या रात्रींचाही कंटाळा करू नये. या जोडीतील हलका तारा स्वतःच्या गुरुत्वाने धरून ठेवता येईल ती सगळी जागा व्यापून अंड्यासारखा ताणला गेला आहे आणि त्याचा तप्त सोबत्याकडील भाग जास्त उजळलेला असतो, त्यामुळे दोन ग्रहणांच्या मधला वक्र सपाट नसून कमानीसारखा असतो. ती कमान नीट टिपली नाही, तर कक्षेचा कल (आपल्या दृष्टीने ती किती तिरकी आहे ते) आणि ताऱ्यांच्या त्रिज्या दोन्ही चुकतात.

ताऱ्यांचे वेग वर्णपटातील रेषांच्या सरकण्यावरून मिळतात, पण त्यासाठी फिल्टरसारखी बसणारी, प्रकाश रंगांत विभागणारी जाळी उपयोगाची नाही. मुख्य ताऱ्याचा अरीय वेग, म्हणजे आपल्याकडे येण्याचा किंवा दूर जाण्याचा वेग, दोन्ही बाजूंना सेकंदाला सुमारे ९५ किलोमीटरपर्यंत जातो, म्हणजे ६६७८ अँगस्ट्रॉमची (तरंगलांबीचे एकक) हेलियमची रेषा जेमतेम २.१ अँगस्ट्रॉम सरकते. त्यासाठी फटीचा वर्णपटलेखक आणि दहा हजारांहून जास्त विभेदनक्षमता (जवळच्या रेषा वेगळ्या दाखवण्याची क्षमता) हवी. प्रत्येक ताऱ्याच्या वर्णपटापूर्वी आणि नंतर निऑन दिव्याचा वर्णपट घ्यावा. सगळे श्रम दोन ग्रहणांच्या बरोबर मधोमध येणाऱ्या कलांवर, म्हणजे पाव आणि पाऊण आवर्तनाच्या आसपास खर्चावेत, कारण तेव्हाच दोघांच्या रेषा एकमेकींपासून सर्वांत दूर असतात. हलक्या ताऱ्याच्या फिकट रेषा शोधणे हाच या कामातला कठीण भाग आहे. त्यांच्यासाठी मॅग्नेशियमची ४४८१ अँगस्ट्रॉमची रेषा हेलियमपेक्षा बरी आणि मोठी दुर्बीण असलेल्या मंडळाची साथ घेणे उत्तम. पृथ्वीच्या सूर्याभोवतीच्या वेगाची दुरुस्ती प्रत्येक मापनाला लावावीच लागते.

हलक्या ताऱ्याचा वेग २६५ किलोमीटरच्या आसपास मिळतो. वेग आणि वस्तुमान यांचे प्रमाण व्यस्त असल्यामुळे मुख्य तारा सोबत्याच्या सुमारे २.८ पट जड ठरतो. दोन्ही वेगांची बेरीज ३६०. तिचा घन करून त्याला आवर्तकालाच्या दिवसांनी आणि ०.००००००१०३६ या स्थिरांकाने गुणले की ९.९ येतात. पण हे कक्षेच्या कलाच्या ज्येचा घन आत मिसळलेले एकत्रित वस्तुमान आहे, आणि तो कल वर्णपटात कुठेच दिसत नाही. तो प्रकाशवक्रातून, फीबीसारख्या मुक्त संगणकप्रणालीने काढावा लागतो. तो ७९ अंशांच्या आसपास धरला की एकूण वस्तुमान सूर्याच्या १०.५ पट होते, आणि त्यातले सुमारे ७.७ मुख्य ताऱ्याच्या व २.८ सोबत्याच्या वाट्याला येतात.