वेढा पडल्यावर लोक खात काय? किल्ला पाहण्याची एक रीत

देवगिरी, नळदुर्ग, परांडा, औसा, उदगीर हे किल्ले पाहायला जाणारे बहुतेक जण तोफेजवळ फोटो काढून परततात, याचे मला मनापासून वाईट वाटते. वेढ्यात अडकलेली माणसे कशी जगत असतील, हा प्रश्न मनात धरून जायचे असेल, तर बुरुजांआधी पाण्याकडे वळावे. देवगिरीवर हत्ती हौदाच्या काठावर उभे राहून हे पाणी येत कुठून होते, याचा माग घ्यावा. डोंगरातले पाणी खापरी नळांनी खाली आणलेले असेल, तर वेढा घालणाऱ्याने नळ फोडताच ते तुटणार. म्हणून खडकात खोदलेली टाकी वेगळी मोजावीत. विहीर दिसली, तर काठच्या दगडावरून बोट फिरवावे. दोर घासून पडलेल्या खाचा हाताला लागल्या, की ती विहीर किती राबती होती याचा अंदाज येतो.

मग धान्य. माणशी रोज पाऊण किलो ज्वारी धरली, तर 1000 माणसांच्या शिबंदीला, म्हणजे गडावरच्या सैन्याला, महिन्याला 225 क्विंटल लागते. घोड्यांची चंदी आणि वैरण निराळी. कोठाराची लांबी-रुंदी पावलांनी मोजून किती पोती मावतील हे काढावे, म्हणजे गड किती दिवस तग धरू शकला असता याचा हिशेब मांडता येतो. 1296 मध्ये अलाउद्दीन खिलजी अचानक देवगिरीवर चालून आला, तेव्हा तिथला यादव राजा रामदेवराय याची मोठी फौज त्याचा मुलगा शंकरदेव याच्याबरोबर बाहेर होती आणि धान्य समजून गडावर चढवलेल्या गोण्यांत मीठ निघाले, असे तवारिखांत, म्हणजे जुन्या फार्सी इतिहासग्रंथांत, सांगितले आहे. एवढा बेलाग गड ताब्यात असूनही रामदेवरायाला खंडणी देऊन तह करावा लागला.

धान्य टिकवायचे कसे, हे मात्र गडापेक्षा गावात चांगले कळते. तिथे ते पेवात, म्हणजे जमिनीत खोदलेल्या खोल खड्ड्यात, साठवत. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारावे, “आबा, पेव उघडल्यावर लगेच आत का उतरत नसत?” कोंडलेली हवा जीवघेणी असते, म्हणून तोंड उघडे ठेवून थांबत आणि आत दिवा सोडून तो विझतो का, हे आधी पाहत.

दरवाजावरचे अणकुचीदार खिळे, वळणावळणाची वाट आणि अंधारी, म्हणजे देवगिरीतला काळोखा भुयारी मार्ग, यांकडे शेवटी यावे. बॅटरी सोबत असावी. वहीत डोळ्यांनी पाहिलेले एका पानावर आणि ऐकलेले समोरच्या पानावर लिहावे. मिठाच्या गोण्या समोरच्या पानावर येतील.