वीज-पाणी कार्यालयात जाताय? या चुका टाळा

शहराच्या मालकीच्या वीज आणि पाणीपुरवठा कार्यालयात तक्रारींच्या खिडकीमागे मी बरीच वर्षे काढली. तेवढ्या काळात येणाऱ्यांच्या चुका काही बदलल्या नाहीत. सर्वांत मोठी चूक म्हणजे फक्त बिलाची रक्कम घेऊन भांडायला येणे. ती रक्कम मुख्यतः मागील आणि चालू रीडिंगच्या फरकावरून निघते. त्यामुळे "बिल फार आले" एवढ्यावर खिडकीतला माणूस काहीही करू शकत नाही, पण त्या दोन रीडिंगपैकी कोणते चुकले आहे हे दाखवले तर अर्ज पुढे सरकतो.

रीडिंगचा फोटो काढतानाही घाई नडते. डिजिटल वीजमीटरच्या पडद्यावर तारीख, व्होल्टेज, कमाल मागणी (त्या काळात ओढलेला सर्वाधिक भार) असे आकडे आळीपाळीने येतात आणि ज्याच्यापुढे केडब्ल्यूएच (kWh) लिहिलेले असते तोच आकडा युनिटचा असतो. तो येईपर्यंत मिनिटभर थांबण्याचा धीर नसलेली मंडळी कमाल मागणीचा फोटो नाचवत येतात. मीटर क्रमांक दिसत नसलेला फोटो तर कोणाच्याही मीटरचा असू शकतो.

आपल्या नावाचा मीटर खरोखर आपल्याच घराला जोडलेला आहे का, हे पाहण्याचा आग्रह मी का धरतो, ते एका गृहस्थांच्या प्रकरणावरून कळेल. त्यांचे घर दीर्घकाळ कुलूपबंद होते, तरी बिल भरल्या घरासारखे येत होते. मीटर पळतो, रीडिंग घेणारे घरी बसून आकडे टाकतात, असे आरोप करत ते दर बिलागणिक येत. मीटर तपासणीचे शुल्क त्यांनी भरले, मीटर निर्दोष निघाला आणि त्यांचा संशय आणखी वाढला. शेवटी आमचा तंत्रज्ञ त्यांना घेऊन इमारतीच्या मीटरच्या खोलीत गेला आणि त्याने त्यांच्या घराचा मुख्य स्विच बंद करायला लावला. त्यांच्या नावाच्या मीटरवरचा लाल दिवा लुकलुकतच राहिला. शेजारच्या घरातला स्विच पाडल्यावर तो थांबला. वायरिंगच्या कामात दोन घरांच्या तारांची अदलाबदल झाली होती आणि स्वस्त बिलाचा लाभ घेणारे शेजारी अर्थातच गप्प होते. ही तपासणी घरच्या घरी होते आणि तिला शुल्कही नाही, त्यामुळे मी प्रत्येकाला आधी तीच करायला सांगतो. मीटरवर ३२०० इम्पल्स (म्हणजे दिव्याचे लुकलुकणे) प्रति युनिट लिहिले असेल, तर फक्त २ किलोवॉटचा गीझर चालू असताना दिवा मिनिटाला सुमारे १०७ वेळा लुकलुकला पाहिजे. तेवढे मोजले की मीटर पळतो की नाही, याचाही अंदाज येतो.

पाण्याच्या बिलाबाबत लोक गळती शोधण्याआधीच अर्ज लिहितात. टाकी पूर्ण भरून फ्लोट व्हॉल्व (टाकी भरली की पाणी थांबवणारी तरंगत्या गोळ्याची झडप) बंद झाल्यावर, सर्व नळ बंद ठेवून, मीटरच्या तबकडीवरचे बारीक चक्र पाहावे. ते फिरत असेल तर मीटरपासून टाकीपर्यंत कोठेतरी पाणी झिरपत आहे, किंवा व्हॉल्वच नीट बसत नाही. टाकीच्या पुढची गळती या परीक्षेत सापडत नाही. त्यासाठी फ्लशच्या टाकीत खाण्याचा रंग टाकावा आणि अर्ध्या तासाने, मध्ये फ्लश न करता, भांड्यात रंग उतरला का, हे पाहावे. तबकडीवरचे काळे आकडे बहुधा घनमीटरचे असतात आणि १ घनमीटर म्हणजे १००० लिटर. लाल आकडे त्यापुढचे अपूर्णांक असतात. ते सलग वाचून हजारपट वापर सांगणारे मी पाहिले आहेत.

रीडिंग घेणाऱ्याला घर बंद मिळाल्याने काही महिने सरासरी बिल आले असेल आणि खरा वापर त्याहून जास्त असेल, तर नंतरच्या प्रत्यक्ष रीडिंगचे बिल एकदम फुगते. अशा वेळी आरडाओरडा करण्यापेक्षा वापर त्या महिन्यांत विभागून आकारावा, असा लेखी अर्ज द्यावा, कारण टप्प्यांचे, म्हणजे वापर वाढेल तसे वाढणारे, दर असतील तर सारे युनिट एकाच महिन्यात धरल्याने ते वरच्या टप्प्यात जातात.

वीज आणि पाण्याचे ग्राहक क्रमांक बहुधा वेगवेगळे असतात, दोन्ही बिले जवळ ठेवा. सील तोडू नका. घर सोडताना अंतिम रीडिंग घेतल्याशिवाय किल्ली देऊ नका. "आतून करून देतो" म्हणणाऱ्या एजंटाविषयी माझे मत येथे छापण्यासारखे नाही.

आणि अर्ज दिला की बिल थांबले, असे समजू नका. निकाल लागेपर्यंत किती भरायचे, हे त्याच खिडकीवर लेखी विचारून घ्या आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख व आवक क्रमांक पडल्याशिवाय तेथून हलू नका, मग मागची रांग कितीही कुरकुरली तरी चालेल.