फ्रेंच उच्चार: कुठला आवाज कुठल्या भाषेतून घ्यायचा

घरी मराठी, रिक्षावाल्याशी हिंदी, शाळेत इंग्रजी आणि आता वर फ्रेंच, अशी मुलं माझ्याकडे येतात आणि लिपी ओळखीची दिसते म्हणून प्रत्येक शब्द इंग्रजीसारखा वाचतात. गडबड तिथेच होते. लिपी काही का असेना, आवाज आधी आपल्या भाषांत शोधायचा.

सोपं आधी घेऊ. फ्रेंचमध्ये ट, ड नाहीतच, सरळ आपले त आणि द. टेबल नाही, ताब्ल. प आणि क पण मराठीसारखेच म्हणायचे, इंग्रजीसारखी हवा सोडायची नाही.

र म्हणजे ग़ज़लमधला नुक्त्याचा, म्हणजे खाली टिंब असलेला ग़, घशातून, आणि त, प, क नंतर आला की ख़कडे झुकतो. जिभेचं टोक वर उचलायचंच नाही.

नाकातले स्वर मात्र मराठीला जड जातात. व्हॅं म्हणजे वाईन, व्हां म्हणजे वारा, व्हों म्हणजे 'जातात', फरक फक्त स्वराचा, आणि आपण तिन्हीच्या शेवटी न् नाहीतर ङ् चिकटवतो, कारण आपला अनुस्वार पुढचं अक्षर बघून बदलतो, आंब्यात म् आणि अंगात ङ्. म्हणून इथे हिंदी धरा. हाँ, माँ म्हणून बघा, शेवटी जीभ कुठेच टेकत नाही ना? तेच पाहिजे. घरी कोकणी असेल तर हे आयतंच येतं.

आणि एक स्वर आपल्या कुठल्याच भाषेत नाही, इंग्रजीच्या यू अक्षराने लिहितात तो. 'वर' (dessus) आणि 'खाली' (dessous) या दोन फ्रेंच शब्दांत फक्त या स्वराचा फरक आहे, 'खाली'मध्ये साधा ऊ आहे, त्यामुळे हा चुकला की अर्थच उलटा होतो. लांब ई म्हणा, ती चालू असतानाच ओठ शिट्टी मारल्यासारखे गोल करा, जीभ अजिबात मागे न्यायची नाही, मागे गेली की ऊ झालाच. वहीत याच्याखाली देवनागरी लिहू नका प्लीज, ऊ लिहा की यू, चुकीचंच डोक्यात बसतं आणि मग निघता निघत नाही.

रोज पाच मिनिटं मैत्रिणीला हे दोन शब्द उलटसुलट ऐकवा, तिने नुसतं ऐकून बोट वर किंवा खाली करायचं. दहातले नऊ बरोबर आले की पुढच्या शब्दाकडे जा.